बाजारबुणग्यांचा इतिहास कोण छापणार?

(नागपूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. लष्करी इतिहासाचे संशोधन आणि त्याचे प्रकाशन! आपण हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, दारूबंदी यांवर काम करणाऱ्या बायका. तोफा, मोर्चे आणि तहाची कलमे यांच्याशी आपला संबंध काय?

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या राज्यात चौकाला नाव द्यायचे असो, पुतळा बसवायचा असो, पाठ्यपुस्तकातला धडा असो की मिरवणुकीतला देखावा असो, 'आपला इतिहास' म्हटले की आधी लढाया येतात. त्या लढायांमध्ये बाई आलीच तर दोनच रूपांत येते. एक तर घोड्यावर बसलेली वीरांगना, नाही तर शत्रूने पळवलेली आणि जिच्यासाठी सूड घ्यायचा ती अबला. दंगलीच्या वेळी आपल्या मोहल्ल्यात जी भाषणे होतात त्यांत हीच दोन चित्रे पुन्हा पुन्हा दाखवली जातात. ही चित्रे आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी कागद निवडले, वाचले, छापले, त्यांवर मथळे दिले. त्यांवरून दुसऱ्या कुणी ग्रंथ लिहिले. ग्रंथांवरून कादंबऱ्या, कादंबऱ्यांवरून नाटके-सिनेमे आले. या साखळीची पहिली कडी कशी तयार होते ते आज पाहू.

साधने छापली कशी गेली?

मराठ्यांच्या लढायांचा पहिला मोठा छापील इतिहास मराठीत लिहिला गेला नाही. तो साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने इंग्रजीत लिहिला आणि १८२६ साली लंडनला तीन खंडांत छापला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर मराठीत टीका केली. आपला इतिहास आपल्या कागदांवरून आपण लिहिला पाहिजे, ही जाणीव तिथून वाढत गेली. १८७८ पासून 'काव्येतिहाससंग्रह' निघू लागले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. इकडे आपल्या नागपुरात १९३४ मध्ये विदर्भ संशोधन मंडळ स्थापन झाले.

या माणसांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. राजवाडे गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या रद्दीतून कागद गोळा करत. सरकारी मदत नाही, मानधन नाही. परक्या सत्तेखाली असलेल्या समाजाला 'आपणही लढलो होतो, राज्य केले होते' हे दाखवायचे होते. त्यामुळे साधनांत लढाई शोधली गेली, राजकारण शोधले गेले. त्या काळाची ती गरज होती. पण त्या गरजेने जी चाळणी तयार केली तीच चाळणी आजही आपल्या हातात आहे, हा माझा मुद्दा आहे.

चाळणी म्हणजे काय, ते समजून घ्या. मोडीतला एक कागद छापायचा तर आधी तो 'छापण्याजोगा' आहे की नाही हे कुणीतरी ठरवते. मग त्याचे बाळबोधीत लिप्यंतर होते. तारीख लावली जाते. वर मथळा दिला जातो. मग तो कोणत्या खंडात घालायचा ते ठरते. शेवटी सूची होते. समजा छावणीतून आलेल्या एका पत्रात चार गोष्टी आहेत: शत्रूचा मुक्काम कुठे, धारण काय चालली आहे, लष्करातल्या कुणा बाईला प्रसूती झाली, आणि एक बटीक पळून गेली. मथळा बहुधा पहिल्या गोष्टीचा होतो. सूचीत सरदाराचे नाव येते, गावाचे येते. ज्या बाईला वाटेत मूल झाले तिला नाव नसतेच, मग सूचीत येणार कुठून? पुढच्या अभ्यासकाने सूची चाळली की त्याला वाटते, या कागदांत बायका नाहीतच.

पेशवे दप्तराचे उदाहरण घ्या. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड तयार केले आणि मुंबई सरकारने ते छापले. हजारो रुमालांतून इतक्या थोड्या काळात इतके काम होणे ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण रचना पाहा. पानिपतच्या मोहिमेची पत्रे दुसऱ्या खंडात. नागपूरकर भोसल्यांचा खंड वेगळा. पेशव्यांच्या खासगी जीवनाचे खंड वेगळे. आणि सामाजिक व धार्मिक बाबी? त्यांचा खंड ४३वा. म्हणजे युद्ध सुरुवातीला आणि समाज शेवटी. शिवाय प्रत्येक पत्रावर इंग्रजीत सारांश. बाई जर कुठे सापडायची असेल तर ती ४३व्या खंडात किंवा 'खासगी'त सापडेल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या खंडातही असते, कारण लष्करात ती होती.

'बुणगे' या शब्दात कोण कोण होते?

आपल्या भाषेत एक शिवी आहे: बाजारबुणगे. निरुपयोगी गर्दी, कुचकामी माणसे. मूळ शब्द लष्करातला. जे लढत नाहीत पण लष्कराबरोबर चालतात ते बुणगे. त्यात वाणी, तेली, मोची, लोहार, न्हावी, माहूत, चारा कापणारे, लाकूड आणणारे, तंबू ठोकणारे, आणि बायका. शिपायांच्या बायका, दळणकांडण करणाऱ्या, बटकी, कुणबिणी, कलावंतिणी, यात्रेला म्हणून निघालेल्या सुवासिनी आणि विधवा. लष्कराच्या इतिहासकारांनी हा शब्द घेतला तो तिरस्कारासकट घेतला.

शिवाजीमहाराजांच्या लष्करात बायको, बटीक, कलावंतीण बरोबर नेण्यास सक्त मनाई होती, असे सभासद बखरीत नोंदले आहे. पुढे अठराव्या शतकात, दूरच्या आणि लांबलेल्या मोहिमांत, ते चित्र पार बदलले. पानिपतावर जे लष्कर गेले त्याच्यासोबत सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई होती, हे सर्वांना ठाऊक आहे. ती वाचून परत आली. भाऊ मेले हे तिने मानले नाही आणि विधवेचा वेष घेतला नाही. हेही कादंबऱ्यांमुळे घराघरांत पोहोचले. पण ज्या हजारो बायका परत आल्या नाहीत त्यांचे काय झाले?

अब्दालीच्या गोटाच्या बाजूला असलेल्या काशीराजाचा फारसी वृत्तांत उपलब्ध आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीसच छापले गेले होते. पुरुष कैद्यांची कत्तल झाली आणि बायकामुले गुलाम म्हणून वाटून घेतली गेली, हे त्यात आहे. म्हणजे माहिती दोनशेहून अधिक वर्षे छापील आहे. पानिपतावर शंभरांनी लेख आले. १९४६ मध्ये त्र्यं. शं. शेजवलकरांचा इंग्रजी प्रबंध डेक्कन कॉलेजने आपल्या ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून काढला. १९६१ मध्ये मराठी 'पानिपत : १७६१' आले. बहुतेक चर्चा कशावर? व्यूह कसा होता, होळकर का निघून गेले, यमुना उतरणे का जमले नाही, आणि बुणग्यांचे लोढणे गळ्यात नसते तर काय झाले असते. पराभवाचे एक कारण म्हणून बायका ग्रंथात येतात. पराभवाची किंमत मोजणाऱ्या म्हणून येतात त्या एखाद्या वाक्यापुरत्या.

हे लोढणे होते का? लष्कराला रोज अन्न लागते. ते दळते कोण, रांधते कोण, सरपण कोण गोळा करते, जखमीला पाणी कोण पाजते? रसदीचे धान्य बैलांवर लादून आणणारे बंजारे आपल्या विदर्भाला परके नाहीत. त्यांचा तांडा म्हणजे सगळे कुटुंब चालणार, बायकापोरांसकट. लष्करी ग्रंथात 'रसद' हा शब्द येतो, पण रसद आणणारी बंजारीण येत नाही. घरातले काम जसे 'काम' म्हणून मोजले जात नाही, तसेच छावणीतले कामही मोजले जात नाही. मोजमापाची रीत एकच आहे.

नागपूरचे आपले घर

दुसऱ्यांच्या चुका काढणे सोपे असते. आपण आपल्या नागपूरकडे येऊ. रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या केल्या. भास्करराम कोल्हटकर या मोहिमांचा सेनानी. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्याला भेटीला बोलावून दगा देऊन मारले. आपल्या पुस्तकांत हे 'बंगालची मोहीम', 'चौथाईचा हक्क' या नावांनी येते. शेवटी १७५१ च्या तहात ओरिसा हाती आला, बंगालची चौथाई ठरली, असा विजयाचा शेवट असतो.

याच स्वाऱ्यांवर बंगालमध्ये गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. उपलब्ध हस्तलिखितावर १७५१ च्या सुमाराची तारीख आहे. ते विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालीत छापले गेले आणि १९६५ मध्ये एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. गावे जाळली, लोक पोटली बांधून पळत सुटले, पळणाऱ्यांत सर्व जातींच्या बायका होत्या, गर्भवती होत्या, आणि स्वारांनी बायकांवर बलात्कार केले, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपला 'बारगीर' हा शब्द तिकडे 'बर्गी' झाला आणि मुलाला झोपवताना भीती घालण्याच्या गाण्यात जाऊन बसला. तो शब्द आजही तिथे जिवंत आहे.

मला विचारायचे आहे ते एवढेच. बंगालच्या बायकांची ही साक्ष आपल्या मराठी लष्करी इतिहासाच्या पानांत मोहिमेच्या नकाशाइतक्या ठळकपणे का छापली जात नाही? मुघल किंवा अफगाण फौजेने बायकांवर केलेले अत्याचार आपण ठासून सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण फौज आपली असली की अत्याचार तळटीपेत जातो. जी संशोधनाची रीत शत्रूच्या शिपायाला एक न्याय आणि आपल्या शिपायाला दुसरा न्याय लावते, ती आपल्या कामाची नाही. वस्तीत काय, छावणीत काय, बाईच्या बाजूने उभे राहायचे तर ते सर्वत्र उभे राहावे लागते.

आता सीताबर्डी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई. तुम्ही बर्डीवर खरेदीला जाता तेव्हा डोक्यावर तो किल्ल्याचा डोंगर असतो. लढाईच्या इंग्रजी वर्णनांत एक तपशील येतो. अप्पासाहेबांच्या बाजूचे अरब इंग्रजी छावणीतल्या झोपड्यांपर्यंत पोहोचले आणि तिथल्या शिपायांच्या बायकामुलांच्या किंकाळ्या टेकडीवर ऐकू आल्या. म्हणजे मद्रासकडून आलेल्या देशी शिपायांची कुटुंबे रणांगणाच्या मधोमध होती. वर्णनकाराला त्या किंकाळ्यांचा उपयोग एवढाच, की त्यामुळे शिपाई चवताळून लढले. बायकांपैकी किती मेल्या, किती वाचल्या, त्यांना पुढे कुणी काही दिले का, याची त्याला गरज वाटली नाही.

लढाईनंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कामठीची छावणी वसली. छावणी म्हटली की रेजिमेंटचा बाजार आला आणि बाजारात गोऱ्या शिपायांसाठी ठेवलेल्या बायका आल्या. १८६४ चा छावण्यांचा कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी देशभर अशा बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडणे सुरू केले. तपासणी बाईची, शिपायाची नाही. १८८६ च्या जूनमध्ये तर लष्कराच्या मुख्यालयातून परिपत्रक निघाले, की रेजिमेंटच्या बाजारात पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक बायका असतील अशी व्यवस्था करावी. ते बाहेर फुटले तेव्हा इंग्लंडमध्ये गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये पार्लमेंटने या पद्धतीविरुद्ध ठराव केला. तरी ती चालूच आहे हे एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरीन बुशनेल या दोघींनी १८९१-९२ मध्ये छावण्यांत स्वतः फिरून, बायकांशी बोलून सिद्ध केले. हा लष्करी इतिहास नाही तर काय आहे? हुकूम लष्कराचा, पैसा लष्कराचा, कागद लष्कराचे. पण रेजिमेंटचे इतिहास-ग्रंथ उघडा. पदके आहेत, झेंडे आहेत, घोडे आणि त्यांची नावेसुद्धा आहेत.

आणि बांकाबाई. दुसऱ्या रघूजीची राणी, १८५७ मध्ये चांगली वृद्ध. जूनमध्ये नागपूरच्या घोडदळात उठावाची तयारी झाली तेव्हा तिने आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिले नाही. तीनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, डलहौसीने तिच्या घराण्याचे राज्य खालसा केले होते; राजवाड्यातले जडजवाहीर, जनावरे लिलावात काढली होती. असे असता तिने असे का केले? भीती, हिशेब, घरातल्या माणसांचा जीव, निवृत्तिवेतन, की पराभवाची खात्री? इंग्रजी गॅझेटियरने तिला 'राजनिष्ठ' म्हणून शाबासकी दिली. आपल्या बाजूने झाशीच्या राणीशेजारी ती शोभत नाही म्हणून तिला बाजूला ठेवले. एका बाईने घेतलेला निर्णय तिच्याच कागदांवरून, तिच्याच जागी उभे राहून तपासावा, हे दोन्ही बाजूंना सुचले नाही. इतिहासातली प्रत्येक बाई आपल्याला आवडेल अशी असणार नाही. तरी ती आपल्या अभ्यासाची आहे.

संपादकाची कात्री

कागद छापला म्हणजे झाले असेही नाही. तो कसा छापला हेही पाहावे लागते. वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' तुम्ही ऐकले असेल. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा भिक्षुक १८५८ मध्ये वेढ्याच्या वेळी झाशीत अडकला. एका सामान्य मराठी माणसाने लिहिलेला असा वृत्तांत दुर्मीळच. तो १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी छापला, पण भाषा सुधारून, काही गाळून, काही बदलून. इंग्रजांचे राज्य होते, छापणाऱ्याला भय होते, आणि काय 'सभ्य' याच्या त्या काळच्या कल्पना होत्या. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून शुद्ध प्रत १९६६ मध्ये काढली. म्हणजे जवळपास साठ वर्षे महाराष्ट्राने गोडशांऐवजी वैद्यांचे गोडसे वाचले.

झाशीबद्दलच आणखी एक. वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोजने आपल्या अहवालात लिहिले, की तटावरच्या तोफांपाशी बायका काम करताना, दारूगोळा वाहताना दिसत होत्या. शत्रूच्या सेनापतीला त्या दुर्बिणीतून दिसल्या. आपण मात्र राणीचे एकटीचे चित्र रंगवत बसलो. ताराबाईंनी १७०० ते १७०७ औरंगजेबाशी युद्ध चालवले, उमाबाई दाभाडे यांनी सेनापतीच्या घराण्याचा कारभार आणि फौज सांभाळली, हे आपण अभिमानाने सांगावे. पण फक्त राण्यांची यादी वाढवून भागणार नाही. गोळे वाहणाऱ्या त्या बायका बुरुजावरच राहून जातील.

नियतकालिकाचे दार

आता आजच्या विद्वत्तेच्या बाजाराविषयी. विद्यापीठातली नोकरी, बढती, पीएच.डी. हे सगळे छापील लेखांवर ठरते. लेख छापायचा तर तो परीक्षकांकडे जातो. परीक्षक ठरवतात हा विषय 'लष्करी' आहे की नाही. मी स्वतः अठराव्या शतकातल्या छावणीतल्या कुणबिणींवर लिहिलेला लेख एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठवला होता. सात महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: विषय चांगला आहे, परंतु सामाजिक आहे, स्त्री-अभ्यासाच्या अंकासाठी पाठवावा. मी वापरलेले सगळे कागद लष्कराच्या हिशेबाचे होते! पण कागद कुठला यापेक्षा त्यात कोण दिसते यावर विषयाची जात ठरली.

हे फक्त आपल्याकडे घडते असे समजू नका. अमेरिकेत लष्करी इतिहासाला वाहिलेले नियतकालिक १९३७ पासून निघते. पण युरोपातल्या फौजांबरोबर चालणाऱ्या बायकांवरचा बार्टन हॅकर यांचा पायाभूत लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला तो 'साइन्स' या स्त्री-अभ्यासाच्या नियतकालिकात. सतराव्या शतकापर्यंत युरोपची फौज बायकांच्या कामाशिवाय हलूच शकत नव्हती, हे त्यांनी दाखवले. दार स्त्री-चळवळीने उघडले. लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी ते हळूहळू मान्य केले.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी. एक भाषेची: साधने मोडीत आणि मराठीत, मान मात्र इंग्रजी लेखाला. दुसरी किमतीची: विद्यापीठीय प्रकाशनाचे एक पुस्तक घ्यायचे तर आपल्या गटाच्या महिन्याच्या चहापाण्याचा आणि भाड्याचा खर्च निघतो. साहित्य संस्कृती मंडळासारख्या सरकारी संस्थेने काही जुने ग्रंथ स्वस्तात दिले, ते उपकारच.

आणि भीतीची अडचण. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळावर हल्ला झाला, मोडतोड झाली. निमित्त होते एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचे, जे ऑक्सफर्डने २००३ मध्ये छापून नंतर भारतातून मागेही घेतले होते. वाद पेटला तो एका मातेच्या सन्मानाच्या नावाने. त्या पुस्तकातली वाक्ये अभ्यास म्हणून टिकणारी नव्हती असे म्हणायला हरकत नाही. ते लेख लिहून म्हणता येते. पण बाईच्या अब्रूच्या नावाने कागदांवर हात टाकला गेला की त्यानंतर प्रत्येक संपादक बाईविषयीच्या कागदाला हात लावताना दहादा विचार करतो. अब्रूच्या राजकारणाचा पहिला बळी घरातली मुलगी असते हे आपण रोज पाहतो. इथे तो बळी इतिहासातली बाई ठरली.

ज्यांनी वाट पाडली

निराश होण्याचे कारण नाही. डॉ. कमल गोखले यांनी संभाजीमहाराजांवर मूळ साधनांतून प्रबंध लिहिला आणि 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ दिला. नाटक-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या राजाला कागदांच्या उजेडात आणले ते एका बाईने. कोल्हापूरच्या ताराबाईंवर डॉ. शालिनी पाटील यांनी ग्रंथ लिहिला. लढाया आणि राजकारण बाईला कळत नाही म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

चळवळींनीही पुस्तके काढली. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने घेतल्या. ते पुस्तक आधी तेलुगूत आणि १९८९ मध्ये इंग्रजीत आले. निरोप पोचवणाऱ्या, बंदुका लपवणाऱ्या, जंगलात बाळंत होणाऱ्या आणि लढा संपल्यावर 'आता घरी जा' असे ऐकलेल्या बायका त्यात स्वतः बोलतात. त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधत त्या दोघी गावोगाव फिरल्या. जुलै १९४२ मध्ये याच आपल्या नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, दलित महिलांची परिषद भरली होती. त्याच्या आदल्या वर्षी महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली होती. त्या रेजिमेंटमध्ये गेलेल्यांच्या आया-बायका विदर्भातल्या वस्त्यांत होत्या. मनीऑर्डर आली की नाही, तार आली तेव्हा काय झाले, निवृत्तिवेतनासाठी किती खेटे घातले, हे त्यांच्या लेकीसुना अजून सांगू शकतात. आणखी दहा वर्षांनी कोण सांगणार?

बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत बायकांशी वर्षानुवर्षे बोलून पुस्तक केले. १९८५ मध्ये ते छापले गेले तेव्हा सेन्सॉरने कापाकापी केली होती. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी गाळलेले भाग परत घातले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

हे सगळे आज का महत्त्वाचे? १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला. त्या खटल्यात सरकारकडून मांडले गेले होते, की ग्रामीण भागातून आलेले शिपाई बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. न्यायालयाने ते नाकारले. पण असा युक्तिवाद सुचतो कसा? लष्कर म्हणजे पुरुषांचे, बाई तिथे परकी, ही समजूत ग्रंथांनी शंभर वर्षे पाजली म्हणून. मी युद्धाची भक्त नाही. बाईने बंदूक घ्यावी की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असावेत. पण बाई युद्धाच्या बाहेर होती, हे खोटे आहे. ती आत होती. तिची मजुरी, तिचे शरीर, तिचा शोक, सगळे युद्धाच्या खर्चात धरले होते. फक्त हिशेबाच्या वहीत तिचे नाव लिहिले नाही.

मग काय करायचे?

चार कामे सुचवते. पहिले, प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन तरी मुलींनी मोडी शिकावी. महिना-दोन महिन्यांत अक्षरओळख होते, सरावाला वर्ष जाते. जी लिपी वाचते तिला मथळ्यावर अवलंबून राहावे लागत नाही. दुसरे, आधीच छापलेल्या खंडांची नवी सूची करायची. त्याला नवा कागद लागत नाही. पेशवे दप्तराचा नागपूरकरांचा खंड, शेजवलकरांनी संपादित केलेले 'नागपूर अफेअर्स'चे दोन खंड, हे घेऊन बसायचे आणि जिथे जिथे बाई येते, नाव असो वा नसो, ती ओळ नोंदवायची. बटीक, दाई, दळणारी, विधवा, कैदी, सगळ्या. पाचजणींच्या गटाला रविवारचे काम आहे.

तिसरे, विदर्भातल्या सैनिकांच्या घरांतल्या बायकांच्या मुलाखती. नाव छापायचे की नाही हे तिने ठरवायचे. छापण्याआधी तिला वाचून दाखवायचे. चौथे, संशोधन मंडळांच्या आणि विद्यापीठांच्या प्रकाशन समित्यांकडे आपण लेखी मागणी करायची: समितीवर बायका घ्या, परीक्षकांत घ्या, सूचीत 'स्त्रिया' हे सदर ठेवा, आणि आलेला लेख लष्करी की सामाजिक याची वाटणी करताना कारण द्या. मागणी मान्य होईपर्यंत आपली त्रैमासिके आहेतच. आपल्या पानांवर तळटीप छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र ती तळटीप चोख हवी. तारीख, खंड, लेखांक, पान. आपली बाजू न्यायाची आहे म्हणून पुराव्यात सवलत मिळणार नाही, आणि आपण ती मागूही नये.

सूचीच्या कामासाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी आज जाण्याआधी वहीत लिहावे. नागपूरकरांचा खंड आपण पहिला घेऊ.